चित्रातील तिघीजणी

आपल्या मंडळाच्या चिंचवड येथील कार्यालयात आतील भिंतीवर एक तैलचित्र आहे, हे सभासद बंधुभगिनींस ठाऊक आहेच. त्यात तिघीजणी कामात गढल्या आहेत. एक लड उलगडीत आहे, दुसरी रहाटावर कांड्या भरीत आहे, तिसरी पदर खोचून आळीत ताणलेल्या ताण्यास कुंच्याने खळ देत आहे. माग मात्र कोठेच नाही. विणकरांचे चित्र आणि त्यात माग नाही, हे आम्हांस पूर्वी मोठे उणे वाटे.

चित्रकार म. वि. धुरंधर यांनी रॉथफील्डसाहेबांच्या 1920 सालच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या ग्रंथासाठी नाना जातींच्या स्त्रिया रंगविल्या. चित्रे देखणी खरी. पण त्यांत पेहराव बोलतो, कष्ट क्वचित. आमच्या भिंतीवरील अनामिक चित्रकाराने कष्टच रंगविले.

पांजणी हे सोपे काम नव्हे. खळ कमी पडली तर सूत तुटते, अधिक पडली तर धागे एकमेकांस चिकटतात. आणि ऊन चढण्यापूर्वी सारे उरकावे लागते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत दोरीने उडणारा धोटा आपल्याकडे पसरला व विणणे झपाट्याने होऊ लागले. साहजिकच कांडीही लवकर संपू लागली. ती भरणारे हात तेच राहिले! मजुरी लुगड्यावर ठरे आणि विणणाराच्या नावे मांडली जाई.

1954 साली पिंपरीस पेनिसिलीनचा कारखाना निघाला, 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि नगरकडील काही घरे माग मोडून इकडे आली. त्यांत आमचेही होते. वडील कारखान्यात लागले. आईचा रहाट माळ्यावर गेला. गावच्या शाळेतील आमच्या नोंदीत पालकाचा धंदा ‘विणकर’ असा आहे. आईसाठी रकानाच नव्हता. पुढे शिक्षक झाल्यावर तसा रकाना आला, तेव्हा आम्ही स्वतःच वर्षानुवर्षे, न विचारता, ‘घरकाम’ लिहीत गेलो. 2019-20 च्या हातमाग गणनेत देशातील 35 लाखांहून अधिक कामगारांत सुमारे 72 टक्के स्त्रिया आढळल्या, हे वाचले तेव्हा ते रकाने डोळ्यांपुढे आले.

चित्राच्या चौकटीवर पितळी पट्टी आहे. तीवर देणगीदाराचे नाव आहे, आणि ते असावेच. परंतु हे चित्र आपल्याच आळीतील बायका समोर बसवून काढले, असे वृद्ध मंडळी सांगतात. त्या तिघींची नावे कोणास ठाऊक असल्यास कार्यालयात कळवावीत. दुसऱ्या पट्टीचा खर्च आम्ही देऊ.