फेअरबँक्स शहरातील कार्बन मोनॉक्साइड नियंत्रण

फेअरबँक्स हे अमेरिकेच्या अलास्का राज्यातील उत्तर ध्रुववृत्तानजीकचे शहर आहे. तेथील हिवाळी हवेतील कार्बन मोनॉक्साइड वायूचे प्रमाण राष्ट्रीय मानकाच्या मर्यादेत आणण्यासाठी आणि पुढे ते तसेच राखण्यासाठी १९७० च्या दशकापासून उपाययोजना करण्यात आल्या. प्रतिकूल भूरचना आणि हवामान असूनही वायुप्रदूषण आटोक्यात आणता येते, याचे उदाहरण म्हणून या प्रयत्नांचा अभ्यास केला जातो.

== पार्श्वभूमी ==
कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन व गंधहीन विषारी वायू इंधनाच्या अपूर्ण ज्वलनातून निर्माण होतो. रक्तातील हीमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्टपणे संयोग पावतो. त्यामुळे शरीराचा ऑक्सिजनपुरवठा घटतो. हृदयविकार असलेल्या व्यक्ती, गर्भवती स्त्रिया आणि अर्भके यांना त्याचा धोका विशेष असतो.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७१ मध्ये या वायूसाठी दोन मानके निश्चित केली. आठ तासांची सरासरी दशलक्ष भागांत ९ भाग आणि एका तासाची सरासरी ३५ भाग, ही ती मर्यादा होय. एका केंद्रावर ती वर्षातून एकदाच ओलांडलेली चालते. दुसऱ्यांदा ओलांडल्यास तो मानकाचा भंग ठरतो. भारतातील २००९ च्या मानकांनुसार आठ तासांची मर्यादा दर घनमीटरला २ मिलिग्रॅम आहे. अमेरिकेचे ९ भागांचे मानक सुमारे १० मिलिग्रॅमइतके भरते.

== भूरचना व हवामान ==
चेना नदीकाठी वसलेले हे शहर तीन बाजूंनी टेकड्यांनी वेढलेले आहे. हिवाळ्यात सूर्य अल्पकाळ व क्षितिजालगतच दिसतो, वारा मंद असतो आणि तापमान उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंत उतरू शकते. अशा वेळी जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर उबदार हवेचा थर, अशी तापमानाची तीव्र विपरीतता निर्माण होते. झाकण घातलेल्या भांड्यात वाफ कोंडावी, तसा वाहनांचा धूर मग रस्त्यांवरच कोंडून राहतो.

गोठलेले इंजिन सुरू करताना इंधनाचे प्रमाण अधिक ठेवावे लागते. शिवाय धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापेपर्यंत प्रभावी ठरत नाही. परिणामी प्रवासाच्या पहिल्या काही मिनिटांतच या वायूचे उत्सर्जन सर्वाधिक होते. १९७० च्या दशकात मर्यादा ओलांडली गेल्याच्या दिवसांची संख्या एखाद्या वर्षी शंभराहूनही अधिक होती.

== उपाययोजना ==
घटीचे मोठे श्रेय देशभर लागू झालेल्या वाहन उत्सर्जन नियमांना जाते. जुन्या गाड्या बाद होऊन नव्या आल्या, तसतसे प्रदूषण कमी झाले. स्थानिक पातळीवर १९८५ पासून वाहनांची तपासणी व दुरुस्ती सक्तीची करण्यात आली.

शहराचा वैशिष्ट्यपूर्ण उपाय म्हणजे विजेवर चालणारे इंजिन-तापक. थंडीत गाडी सुरू व्हावी म्हणून नागरिक ते पूर्वीपासून वापरत होते. उभी गाडी विजेच्या जोडणीला लावून ठेवल्यास इंजिन उबदार राहते आणि सुरुवातीचे उत्सर्जन घटते. त्यामुळे वाहनतळांवर वीजजोडण्या वाढवण्यात आल्या आणि कडक थंडीत त्या चालू ठेवणे मोठ्या वाहनतळांना बंधनकारक करण्यात आले.

== ऑक्सिजनयुक्त इंधनाचा वाद ==
ज्वलन अधिक पूर्ण व्हावे म्हणून नोव्हेंबर १९९२ मध्ये पेट्रोलमध्ये एमटीबीई हे संयुग मिसळण्यास प्रारंभ झाला. लवकरच रहिवाशांकडून डोकेदुखी, मळमळ, डोळ्यांची जळजळ अशा तक्रारी येऊ लागल्या. आरोग्ययंत्रणेच्या तपासणीत वाहनांशी संबंधित कामगारांच्या आणि प्रवाशांच्या रक्तात हे संयुग आढळले. डिसेंबरमध्येच राज्यपालांनी हा कार्यक्रम स्थगित केला. एका प्रदूषकावरील उपाय दुसऱ्या त्रासाचे कारण ठरू नये, हा मुद्दा या प्रकरणामुळे पुढे आला.

== मानकाची पूर्तता व परिरक्षण ==
१९९५ अखेरची मुदत न पाळता आल्याने १९९८ मध्ये शहराची वर्गवारी ‘मध्यम’वरून ‘गंभीर’ अशी बदलण्यात आली. २००० व २००१ या वर्षांत मात्र मानकाचा भंग झाला नाही. नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या प्रगतीची दखल घेतली. त्याचबरोबर प्रतिकूल हवामानामुळे धोका पूर्णपणे टळलेला नाही, असे बजावले.

२००४ मध्ये मानक पूर्ण करणारा प्रदेश म्हणून शहराची फेरनोंद झाली. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यानुसार अशा प्रदेशाला दहा वर्षांची परिरक्षण योजना व त्यानंतर आणखी दहा वर्षांची दुसरी योजना राबवावी लागते. प्रमाण पुन्हा वाढल्यास कोणते उपाय तत्काळ योजायचे, हेही तीत आधीच नमूद करावे लागते.

== सद्यःस्थिती ==
वाहनांची सक्तीची तपासणी २००९ च्या अखेरीस बंद करण्यात आली. त्याच वर्षी अतिसूक्ष्म धूलिकणांच्या मानकाबाबत मात्र शहराला अपात्र ठरवण्यात आले. घरे उबदार ठेवण्यासाठी जाळल्या जाणाऱ्या लाकडाचा धूर हे त्याचे प्रमुख कारण असून, तोही त्याच थंड हवेच्या थरात कोंडला जातो.

== हेही पहा ==
* वायुप्रदूषण
* तापमानाची विपरीतता
* कार्बन मोनॉक्साइड