उपमानांची पत

शाळेत मास्तरांनी शिकवले ते उपमान अलंकारातले. हवानातले हर्मान उपमान निराळे! हे जर्मन गृहस्थ आमच्याच धंद्यातले, म्हणजे बँकवाले; त्यांच्या नावाची सिगार १८४४ पासूनची. हाताने वळलेली, मध्यम कडक. जाणकार पेटवण्याआधीच कोरडा झुरका घेऊन ओढ पारखतात, मग चव, मग राख किती टिकते ते. केनेडींची पारख सोपी होती. त्यांचे प्रसिद्धिसचिव सॅलिंजर सांगत, १९६२ साली साहेबांनी आधी बाराशे ‘पेटिट उपमान’ आणवल्या, मगच क्युबाच्या मालावरच्या बंदीवर सही ठोकली! उपमानांची बँक मात्र १९२२ सालीच बुडाली होती. पाठोपाठ कारखानाही गेला. नव्या मालकांनी नाव तेवढे जपले. पत तिजोरीत नव्हतीच, धुरात होती. आमच्या खातेदारांना एवढे सांगू नका म्हणजे झाले.