आरसा गेला, व्हिडिओ आला : हायब्रिड कॅमेऱ्याची कुळकथा

२००८ सालच्या ऑगस्ट-सप्टेंबरात, अवघ्या दीड महिन्यात, जपानी कॅमेरा कंपन्यांनी चार घोषणा केल्या. ५ ऑगस्टला ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी मिळून ‘मायक्रो फोर थर्ड्‌स’ ही नवी पद्धत जाहीर केली. या पद्धतीच्या कॅमेऱ्यांत आरसा नसणार होता. २७ ऑगस्टला निकॉनने डी९० आणला, व्हिडिओ घेऊ शकणारा जगातला पहिला डीएसएलआर. १२ सप्टेंबरला पॅनासॉनिकचा जी१ आला, नव्या पद्धतीचा पहिला मिररलेस. त्यात मात्र व्हिडिओ नव्हता. आणि १७ सप्टेंबरला कॅननने ईओएस ५डी मार्क टू जाहीर केला : फुल फ्रेम सेन्सर आणि त्यावर फुल एचडी व्हिडिओ. आज लग्नाच्या मांडवापासून चित्रपटाच्या सेटपर्यंत सगळीकडे दिसणाऱ्या, फोटो आणि व्हिडिओ दोन्ही घेणाऱ्या हायब्रिड कॅमेऱ्याचं मूळ या चार घोषणांत आहे.

आरसा आणि व्हिडिओ यांचं पटणं मुळातच अवघड होतं. डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे एक आरसा तिरका बसवलेला असतो. लेन्समधून आलेला प्रकाश तो वर पाठवतो आणि चित्र व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं. फोटो काढताना आरसा क्षणभर उचलला जातो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. व्हिडिओ घ्यायचा तर आरसा उचललेलाच ठेवावा लागतो. मग व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो, चित्र फक्त मागच्या स्क्रीनवर दिसतं आणि आरशाच्या भरवशावर चालणारा वेगवान ऑटोफोकसही बंद पडतो. म्हणजे व्हिडिओ घेताना डीएसएलआर तेवढ्यापुरता मिररलेसच होत होता. आरसा नुसता जागा अडवून बसत होता.

डी९०चा व्हिडिओ ७२० रेषांचा होता, सेकंदाला २४ फ्रेम, एका वेळी फार तर ५ मिनिटं, आवाज मोनो. कॅमेरा झटकन फिरवला की सरळ उभे खांब तिरके दिसायचे, कारण सेन्सर चित्र एकदम टिपत नाही; वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. तरी वाट निघाली होती.

५डी मार्क टूमध्ये व्हिडिओ आला तो सिनेमावाल्यांसाठी नव्हे. वृत्तसंस्थांना त्याच बातमीदाराकडून, त्याच कॅमेऱ्यातून फोटोबरोबर वेबसाइटसाठी व्हिडिओही हवा होता आणि कॅननने ती मागणी ऐकली. पण न्यूयॉर्कचा वृत्तछायाचित्रकार व्हिन्सेंट लाफोरे याने विक्रीआधीचा नमुना कॅमेरा शनिवार-रविवारपुरता मागून घेतला आणि ‘रेव्हरी’ नावाचा लघुपट करून दाखवला. रात्रीचं शहर, कमी उजेड, मागचं सगळं धूसर आणि चेहरा तेवढा स्पष्ट. हँडीकॅमच्या नखाएवढ्या सेन्सरमधून अशी प्रतिमा येणं शक्य नव्हतं. ५डीचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या फोटोएवढा होता आणि नुसत्या बॉडीची किंमत अमेरिकेत २,६९९ डॉलर. ज्यांना सिनेकॅमेरा भाड्याने घेणंही परवडत नव्हतं त्यांच्या हातात पहिल्यांदाच पडद्याला शोभेल असं चित्र आलं.

अडचणी मात्र पावलोपावली होत्या. व्हिडिओ चालू असताना शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ यांतलं काहीच हाताने ठरवता येत नसे. उजेड बदलला की कॅमेरा स्वतःच्या मनाने चित्र उजळ किंवा गडद करी. त्यावर लोकांनी तोड काढली. कॅननच्या बॉडीवर अ‍ॅडाप्टर लावून निकॉनच्या जुन्या लेन्स बसवायच्या, कारण त्यांच्यावर अ‍ॅपर्चरची कडी असते आणि ती हाताने फिरवता येते. कुणी कॅननचीच लेन्स अर्धवट फिरवून सैल ठेवत, म्हणजे अ‍ॅपर्चर आहे तिथे अडकून राही. जून २००९ मध्ये कॅननने नवं फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) देऊन हे नियंत्रण खुलं केलं आणि मार्च २०१० मध्ये सिनेमाचा २४ फ्रेमचा वेगही दिला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘हाउस’ या अमेरिकी मालिकेच्या सहाव्या पर्वाचा शेवटचा भाग याच कॅमेऱ्यावर चित्रित होऊन प्रसारित झाला.

मुंबईतही हे वारं लवकर पोचलं. अमोल गुप्ते यांचा ‘स्टॅनले का डब्बा’ २०११ मध्ये प्रदर्शित झाला तो कॅननच्या ईओएस ७डीवर चित्रित केलेला होता. शाळेत शनिवारी भरणाऱ्या कार्यशाळेत मुलं वावरत होती आणि छायाचित्रकार अमोल गोळे टिपत होते. समोर मोठा सिनेकॅमेरा, ट्रॉली आणि दिवे असते तर ती मुलं इतकी मोकळी राहिली नसती. छोट्या कॅमेऱ्याचं मोल फक्त स्वस्ताईत नव्हतं, ते इथे दिसलं.

मिररलेसच्या बाजूने पहिलं पाऊल पॅनासॉनिकने टाकलं. मार्च २००९ मध्ये जाहीर झालेला जीएच१ व्हिडिओ डोळ्यांसमोर ठेवूनच घडवला होता. आरसा नसल्याने इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये चित्रण चालू असतानाही सगळं दिसे. पण फुटेज फारच दाबून साठवलं जाई. हलत्या पानांचा किंवा पाण्याचा शॉट असला की बारकावे चिखलासारखे एकमेकांत मिसळत. इथे एक बाहेरचा माणूस पुढे आला. व्हिताली किसेल्योव्ह या रशियन प्रोग्रामरने २०१० मध्ये जीएच१चं फर्मवेअर उकललं आणि बिटरेट वाढवण्याची सोय सगळ्यांना करून दिली. त्यानंतरचा जीएच२ मूळ स्वरूपात सेकंदाला २४ मेगाबिट नोंदवायचा. उकललेला जीएच२ त्याच्या कितीतरी पट नोंदवू लागला. शेन कॅरुथचा ‘अपस्ट्रीम कलर’ हा चित्रपट २०१३ मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला तो जीएच२वरच केलेला. पॅनासॉनिकने यातून धडा घेतला आणि २०१२च्या जीएच३मध्ये ७२ मेगाबिटचा पर्याय स्वतःच दिला.

कॅननच्या बाबतीतही हेच झालं. ट्रॅमेल हडसन या प्रोग्रामरने २००९ मध्ये ५डी मार्क टूसाठी ‘मॅजिक लँटर्न’ हे सॉफ्टवेअर सुरू केलं. २०१३ मध्ये त्या प्रकल्पाने ५डी मार्क थ्रीमधून १४ बिटचा रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेला, व्हिडिओ काढून दाखवला. यंत्राच्या अंगात ताकद होती; गिऱ्हाइकाला ती मिळालेली नव्हती.

ती का मिळाली नव्हती, याचं उत्तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या शेल्फवर होतं. कॅननने नोव्हेंबर २०११ मध्ये हॉलिवूडला जाऊन सी३०० हा सिनेकॅमेरा जाहीर केला आणि त्यानंतर ४के चित्रण करणारा ईओएस-१डी सी आणला, सुमारे १५,००० डॉलरचा. दिसायला तो जिच्यासारखा होता आणि जिच्यावर बेतलेला होता, ती १डी एक्स ही फोटोची बॉडी सात हजार डॉलरच्या आत मिळत होती. महागाचा माल विकायचा तर स्वस्त मालात सगळं द्यायचं नाही, हा व्यापाराचा जुना हिशेब आहे. शेजारी तोच माल स्वस्तात देऊ लागेपर्यंत तो चालतो.

शेजाऱ्याने तो २०१४ मध्ये दिला. फेब्रुवारीत पॅनासॉनिकचा जीएच४ जाहीर झाला, कॅमेऱ्यातल्याच कार्डावर ४के नोंदवणारा पहिला मिररलेस, किंमत १,६९९ डॉलर. एप्रिलमध्ये सोनीने ए७एस दाखवला. आदल्याच वर्षी फुल फ्रेम मिररलेस आणणाऱ्या सोनीने इथे मेगापिक्सेलची शर्यत उलटी फिरवली. फक्त १२ मेगापिक्सेल, म्हणून प्रत्येक पिक्सेल मोठा, म्हणून अंधारातही चित्र. आयएसओ ४,०९,६००पर्यंत जाई. ४के मात्र बाहेरच्या रेकॉर्डरवरच घ्यावं लागे. ते आत आलं २०१५च्या ए७एस टूमध्ये. सप्टेंबर २०१४ मध्ये सॅमसंगनेही एनएक्स१ आणला. त्यात ४के होतं आणि नवं एच.२६५ कॉम्प्रेशनही. पण तेव्हाची बहुतेक एडिटिंग सॉफ्टवेअर ते फुटेज सरळ उघडत नसत. चांगला कॅमेरा घडवूनही सॅमसंग लवकरच या धंद्यातून बाहेर पडली.

या काळातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांवर रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबायचं. भाषण, मैफल किंवा लग्नविधी टिपणाऱ्यांना याचा फार जाच होई. यामागे तंत्राची अडचण कमी आणि जकातीचं कलम जास्त होतं. सलग ३० मिनिटं किंवा अधिक चित्रण करणारं यंत्र युरोपीय संघात व्हिडिओ कॅमेरा ठरे आणि त्यावर आयात कर लागे. फोटोच्या कॅमेऱ्यावर तो नव्हता. एका सेकंदाने कर वाचत असल्याने कंपन्यांनी तो सेकंद कापला. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या जीएच५ने ही मर्यादा सगळीकडेच काढून टाकली. त्याच कॅमेऱ्याने आतल्या कार्डावर १० बिट ४:२:२ व्हिडिओही दिला. ८ बिटमध्ये लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी २५६ छटा मिळतात, १० बिटमध्ये १,०२४. संध्याकाळच्या आकाशाचा शॉट एडिटिंगच्या टेबलावर रंग बदलायला घेतला की फरक लगेच कळतो : ८ बिटच्या आकाशात पट्टे उमटतात, १० बिटचं आकाश सलग राहतं.

पॅनासॉनिकचं दुखणं होतं फोकसचं. कॅननने २०१३च्या ईओएस ७०डीपासून सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलचे दोन भाग करून त्यावरून अंतर ओळखणारी ‘ड्युअल पिक्सेल’ पद्धत आणली होती. त्यामुळे चालत येणाऱ्या माणसावर फोकस अलगद टिकून राही. सोनीही त्या बाबतीत वेगाने पुढे गेली. पॅनासॉनिक कॉन्ट्रास्टवर चालणाऱ्या पद्धतीला चिकटून राहिली आणि तिच्या कॅमेऱ्यांत पार्श्वभूमी मागेपुढे हेलकावत राहिली. अंतर ओळखणारं फेज डिटेक्शन तिने स्वीकारलं ते थेट जानेवारी २०२३च्या एस५ टूमध्ये. तोवर एकट्याने काम करणारे कित्येक जण सोनीकडे गेलेले होते.

२०१८ मध्ये रिंगण भरलं. निकॉनने झेड६ आणि झेड७, कॅननने ईओएस आर, फुजीफिल्मने ४के ६० फ्रेम देणारा एक्स-टी३ आणला. लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांनी एल-माउंट या सामायिक लेन्स-जोडणीसाठी हात मिळवले. कॅननचा ईओएस आर ४के घेताना सेन्सरचा मधलाच तुकडा वापरी, त्यामुळे वाइड लेन्स वाइड राहत नसे. त्याबद्दल टीका झाली आणि जुलै २०२० मध्ये कॅननने आर५ आणून एकदम ८के रॉ देऊन टाकलं.

इथे गाठ पडली उष्णतेशी. ८केच्या एका फ्रेममध्ये सुमारे साडेतीन कोटी पिक्सेल असतात. सेकंदाला ३० फ्रेम म्हटल्या तर १०० कोटींहून अधिक पिक्सेल दर सेकंदाला वाचायचे आणि कार्डावर लिहायचे, तेही धूळ-पावसापासून बचावासाठी बंद केलेल्या, पंखा नसलेल्या बॉडीत. कॅननने स्वतःच सांगितलेली ८केची मर्यादा होती २३ अंश तापमानात सुमारे २० मिनिटं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे चाळिशी पार केलेल्या उन्हात काम करणाऱ्याला त्या २३ अंशांचा काय उपयोग? पुढच्याच काही आठवड्यांत कॅननने फर्मवेअर देऊन थोडी मुभा वाढवली. दरम्यान २८ जुलैला सोनीने ए७एस थ्री जाहीर केला होता. रेझोल्यूशन मुद्दाम ४केवरच थांबवलेलं. पण १० बिट, १२० फ्रेम आणि ४के ६० फ्रेममध्ये तासाहून अधिक सलग चित्रणाची हमी. लांब काम करणाऱ्यांची पसंती कुठे गेली हे वेगळं सांगायला नको. पॅनासॉनिकने २०१९च्या एस१एचमध्ये पंखा बसवलेलाच होता, आणि नेटफ्लिक्सची मान्यता मिळवणारा तो पहिला मिररलेस ठरला. २०२१ मध्ये सोनीच्या एफएक्स३मध्ये आणि २०२२ मध्ये कॅननच्या आर५ सीमध्येही पंखा आला. ‘द क्रिएटर’ हा २०२३चा हॉलिवूडपट मुख्यतः एफएक्स३वरच चित्रित झाला.

शेवटची मोठी झुंज कोर्टात झाली. रॉ व्हिडिओ कॅमेऱ्यातच दाबून साठवण्याचं पेटंट अमेरिकेतल्या रेड कंपनीकडे होतं. अ‍ॅपलने २०१९ मध्ये त्याला आव्हान दिलं आणि ती हरली. निकॉनने २०२२ मध्ये झेड९ला फर्मवेअरमधून ८के रॉ दिलं तेव्हा रेडने दावा ठोकला. एप्रिल २०२३ मध्ये दावा संपला आणि मार्च २०२४ मध्ये निकॉनने रेड कंपनीच विकत घेत असल्याचं जाहीर केलं. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या निकॉन झेडआरमध्ये रेडच्या धर्तीचं रॉ थेट कार्डावर नोंदवता येतं.

या सतरा वर्षांत गिऱ्हाइकाला जे मिळालं त्यातलं फार थोडं कुणी आपणहून दिलं. काही फर्मवेअर उकलणाऱ्यांनी ओढून काढलं, बाकीचं प्रतिस्पर्ध्याच्या धाकाने आलं. म्हणून नवा कॅमेरा घेणाऱ्याने खोक्यावरच्या ८केवर थांबू नये. दुकानदाराला चार गोष्टी विचाराव्यात : व्हिडिओ घेताना पूर्ण सेन्सर वापरला जातो का, आतल्या कार्डावर १० बिट मिळतं का, आपल्याकडच्या उन्हात तो सलग किती वेळ चालतो, आणि कंपनीने आधीच्या मॉडेलना फर्मवेअरमधून काय काय दिलं. या चारांची उत्तरं चांगली असतील तर दोन वर्षं जुना कॅमेराही खुशाल घ्यावा.