पडद्यावरचा ठोसा: फाइट मास्टर, स्टंटमन आणि संकलक

मी बी.कॉम.ला असताना आम्ही चार मित्र 'एंटर द ड्रॅगन' पाहायला गेलो होतो. त्यात ब्रूस ली उलटी कोलांटी घेता घेता समोरच्याला लाथ मारतो. आमच्यातल्या एकाने दुसऱ्याच दिवशी घराच्या गच्चीवर तो प्रकार करून पाहिला आणि पुढे महिनाभर हात गळ्यात बांधून कॉलेजला आला. गेल्या दिवाळीत नातू माझ्याशेजारी बसून जॅकी चॅनचा चित्रपट पाहत होता. त्याने विचारले, "आजोबा, हे खरंच मारतात का?" चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी आम्हीही याच प्रश्नावर घरी येईपर्यंत वाद घातला होता. या निमित्ताने जे वाचले आणि पाहिले, ते मंडळाच्या सभासदांसाठी येथे एकत्र दिले आहे.

थोडक्यात उत्तर असे, की पडद्यावरचा एक ठोसा तीन माणसे मिळून तयार करतात. फाइट मास्टर तो आखतो, स्टंटमन तो अंगावर घेतो आणि संकलक तो आपल्यापर्यंत पोहोचवतो. पडद्यावर दिसणारा नायक बहुतेक वेळा यांतला एकही नसतो.

सुरुवात कुठे झाली

मारामारीचे चित्रपट सगळीकडेच निघतात. पण त्याचे शास्त्र हाँगकाँगमध्ये घडले. त्याआधी शांघायमध्ये १९२८ पासून तलवारबाज वीरांच्या चित्रपटांची लाट आली होती. हाँगकाँगमध्ये १९४९ साली वाँग फेई-हंग या खऱ्या वैद्य आणि कुंगफू गुरूवर चित्रपट निघाला. क्वान ताक-हिंग या नटाने पुढे हीच भूमिका सत्तरहून अधिक चित्रपटांत केली. चिनी ऑपेराच्या रंगमंचावरची नाटकी लढाई मागे पडून खऱ्या कुंगफूचे डावपेच पडद्यावर येऊ लागले, ते याच मालिकेतून.

लाउ कार-लिउंग हा पुढचा मोठा फाइट मास्टर याच परंपरेतला. त्याचे वडील ज्यांचे शिष्य होते, ते लाम साय-विंग हे वाँग फेई-हंग यांचे शिष्य. म्हणजे गाण्याच्या घराण्यासारखीच ही गुरुपरंपरा. लाउने १९७८ साली 'थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' दिग्दर्शित केला. त्यात लढाईपेक्षा शिकण्यालाच जास्त वेळ दिला आहे.

फाइट मास्टर काय करतो

हॉलिवूडची जुनी पद्धत अशी, की पूर्ण मारामारी आधी लांबून एकदा चित्रित करायची, मग तीच निरनिराळ्या कोनांतून पुन्हा घ्यायची आणि कुठला तुकडा कुठे लावायचा हे नंतर संकलनाच्या टेबलावर ठरवायचे. हाँगकाँगच्या फाइट मास्टरची पद्धत वेगळी. तो चार-सहा हालचालींचा एक तुकडा बसवतो, त्यासाठी कॅमेरा कुठे ठेवायचा हे स्वतः सांगतो, तेवढाच तुकडा घेतो आणि मग पुढच्या तुकड्याकडे वळतो. हा तुकडा आधीच्या तुकड्याला कसा जोडला जाणार, हे चित्रीकरणाच्या वेळीच त्याच्या डोक्यात पक्के असते. मारामारी चालू असेपर्यंत खरा दिग्दर्शक तोच. हाँगकाँगचे बरेच चित्रपट त्या काळी आवाजाशिवाय घेतले जात आणि संवाद व ठोशांचे आवाज नंतर भरले जात. त्यामुळे टेक चालू असताना त्याला ओरडून सूचनाही देता येत.

ऑपेराकडून या लोकांनी एक गोष्ट घेतली, ती म्हणजे थांबणे. रंगमंचावरचा वीर जोरदार हालचालीनंतर एका मुद्रेत क्षणभर स्थिर होतो आणि त्याच क्षणी झांज वाजते. चित्रपटातही चार ठोसे, क्षणभर स्तब्धता, पुन्हा सहा ठोसे, असा क्रम असतो. तबल्यावरची तिहाई समेवर येते तेव्हा आपण मान डोलावतो ना, तसेच हे. विसावा नसेल तर वेगही जाणवत नाही.

पडायला शिकवणारी शाळा

जॅकी चॅन, सॅमो हंग, युएन बिआओ आणि युएन वाह हे सगळे हाँगकाँगमधल्या एकाच ऑपेरा शाळेचे विद्यार्थी. गुरू यू जिम-युएन. आईवडील करार करून मुलाला अनेक वर्षांसाठी गुरूच्या स्वाधीन करत. पहाटेपासून कोलांट्या, हातांवर उभे राहणे, गाणे आणि शस्त्रे यांचा सराव चाले. चुकले तर छडी. ही मुले मोठी होईपर्यंत ऑपेराचा प्रेक्षक मात्र आटला होता. हातात कला होती, पण रंगमंच उरला नव्हता. म्हणून ती स्टुडिओच्या दारात गेली आणि रोजंदारीवर मार खाऊ लागली.

ब्रूस लीच्या 'फिस्ट ऑफ फ्युरी'त (१९७२) शेवटच्या लाथेने जो खलनायक भिंतीपार उडतो, त्याच्या जागी जॅकी चॅन होता. 'एंटर द ड्रॅगन'च्या (१९७३) सुरुवातीला लीशी लढणारा जाडजूड तरुण म्हणजे सॅमो हंग.

आणि ती उलटी कोलांटी? ती ब्रूस लीची नव्हती. ती युएन वाहने मारली होती. लीच्या कसरतीच्या उड्यांसाठी तो त्याचा डुप्लिकेट होता. ली असामान्य लढवय्या होताच, पण कोलांट्या हे त्याचे अंग नव्हते. आमच्या मित्राने ज्याची नक्कल करायला जाऊन हात मोडून घेतला, ते काम नायकाचे नव्हतेच. ते दहा-बारा वर्षे रोज पहाटे उठून सराव केलेल्या, आम्हाला नावही ठाऊक नसलेल्या एका मुलाचे होते.

संकलकाची कात्री

चित्रपटात एका सेकंदाला २४ फ्रेम्स असतात. मारामारीचे संकलन फ्रेम मोजून होते. त्यातल्या काही युक्त्या सामान्य प्रेक्षकालाही समजतील अशा आहेत.

*वेग वाढवणे.* कॅमेऱ्याने सेकंदाला २४ ऐवजी २० फ्रेम्स घेतल्या आणि त्या २४ च्या गतीने दाखवल्या, तर हालचाल वीस टक्क्यांनी वेगवान दिसते. २२ घेतल्या तर साधारण नऊ टक्क्यांनी. प्रमाण जास्त झाले की माणसे मूकपटातल्यासारखी तुरुतुरु चालू लागतात, म्हणून हात आखडता ठेवावा लागतो.

*ठोसा दोनदा दाखवणे.* ठोसा लांबून लागताना दिसतो, मग कट होऊन जवळून दिसतो. जवळचा शॉट नेमका पुढच्या क्षणापासून सुरू न करता दोन-तीन फ्रेम्स मागून सुरू करतात. डोळ्याला ही पुनरुक्ती कळत नाही, मनाला मात्र ठोसा जड वाटतो.

*उडी तीन तुकड्यांत करणे.* किंग हू या दिग्दर्शकाने 'कम ड्रिंक विथ मी' (१९६६) आणि 'अ टच ऑफ झेन' यांत हे फार सुंदर केले आहे. एका शॉटमध्ये पाय जमीन सोडतात, दुसऱ्यात शरीर हवेतून जाते, तिसऱ्यात पाय टेकतात. हवेतल्या शॉटसाठी नजरेआड ट्रॅम्पोलिन असे. काही शॉट अवघ्या काही फ्रेम्सचे, दिसले न दिसले तोच संपणारे. 'कम ड्रिंक विथ मी'ची नायिका चेंग पेई-पेई हिची तयारी नृत्याची होती. तिच्या अंगातली लय आणि संकलकाची कात्री यांतून तलवारबाज उभी राहिली. 'अ टच ऑफ झेन'ला १९७५ साली कान महोत्सवात तांत्रिक कामगिरीसाठी पुरस्कार मिळाला.

दाखवणारा कट आणि लपवणारा कट

संकलन म्हणजे फसवणूक असे मात्र नाही. किंग हूचा कट कल्पनाशक्ती चाळवतो. जॅकी चॅनचा कट पुरावा देतो. 'प्रोजेक्ट ए'मध्ये (१९८३) तो घड्याळाच्या मनोऱ्यावरून दोन कनाती फाडत खाली पडतो आणि ते पडणे आपल्याला दोनदा दिसते. 'पोलीस स्टोरी'मध्ये (१९८५) तो मॉलमधल्या दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून खाली घसरतो. तो प्रसंग लागोपाठ तीन कोनांतून तीनदा येतो. बघा, यात डुप्लिकेट नाही, असेच जणू संकलक सांगत असतो.

उलट, नटाला काही येत नसेल तर कट लपवण्यासाठी वापरला जातो. कॅमेरा हलवत ठेवायचा, दर अर्ध्या सेकंदाला शॉट बदलायचा आणि आवाज वाढवायचा. कोणी कोणाला कुठे मारले हे प्रेक्षकाला कळत नाही, फक्त गडबड झाल्याचे कळते. 'द मॅट्रिक्स'साठी (१९९९) हाँगकाँगहून आलेल्या युएन वू-पिंगने हे टाळले. त्याने नटांना आधी काही महिने तालीम दिली. त्या चित्रपटात किआनू रीव्ह्जचा डुप्लिकेट असलेला चॅड स्टाहेल्स्की पुढे 'जॉन विक'चा (२०१४) दिग्दर्शक झाला. तिथेही लांबलचक शॉट्समध्ये नट डोक्यापासून पायापर्यंत दिसतो. चांगला फाइट मास्टर ओळखायची माझी साधी कसोटी आहे: मारामारी संपल्यावर ती कशी झाली हे आपल्याला सांगता आले पाहिजे.

किंमत कोण देतो

'आर्मर ऑफ गॉड'चे चित्रीकरण १९८६ साली युगोस्लाव्हियात चालू होते. भिंतीवरून झाडाच्या फांदीवर उडी, एवढेच काम. जॅकी चॅनच्या मानाने किरकोळच. पहिला टेक नीट झाला होता, पण त्याचे समाधान झाले नाही. दुसऱ्या वेळी फांदी मोडली, तो डोक्यावर पडला, कवटीला फ्रॅक्चर झाले आणि मेंदूची शस्त्रक्रिया करावी लागली. मिशेल यो १९९६ साली एका स्टंट करणाऱ्या बाईचीच भूमिका करत असताना उंचावरून पडून गंभीर जखमी झाली. तिला २०२३ साली सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले.

आपल्या पिढीला जुलै १९८२ आठवत असेल. बंगळूरला 'कुली'च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन यांच्या पोटाला मार लागला आणि देशभर लोक देवळांत नवस बोलू लागले. तो ठोसाही खोटाच असायचा होता. पडण्याची जागा आणि वेळ किंचित चुकली, एवढेच. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा मनमोहन देसाईंनी त्या क्षणी चित्र गोठवून तशी सूचना पडद्यावर दिली. संकलनाने अपघात झाकायच्या ऐवजी दाखवल्याचे हे आपल्याकडचे ठळक उदाहरण. पण असाच मार एखाद्या साध्या स्टंटमनला लागता, तर चित्र गोठले असते का?

श्रेय

बँकेत आमच्याकडे प्रत्येक व्हाउचरवर करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची सही असे. सही नसलेली नोंद पुढे जात नसे. चित्रपटात मात्र वर्षानुवर्षे अशा नोंदी बिनसहीच्याच राहिल्या. 'शोले'त धन्नोचा टांगा बेभान पळतो तेव्हा हेमा मालिनीच्या जागी रेश्मा पठाण होती, हे कित्येकांना फार उशिरा कळले.

आता थोडा बदल होत आहे. हाँगकाँगच्या चित्रपट पुरस्कारांत फाइट मास्टरसाठी १९८० च्या दशकापासूनच स्वतंत्र पुरस्कार आहे. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत २०१६ च्या चित्रपटांपासून तो आला आणि पहिला मान 'पुलिमुरुगन'ला मिळाला. ऑस्कर अकादमीने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले, की २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून स्टंट आखणीसाठीही पुरस्कार दिला जाईल. म्हणजे ऑस्करला या लोकांची दखल घ्यायला शंभरावा सोहळा उजाडावा लागला.

युएन वाहचे पुढे काय झाले, तेही सांगतो. २००४ साली 'कुंगफू हसल'मध्ये तो चाळीचा भित्रा, बायकोच्या धाकातला मालक झाला. चित्रपटाच्या मध्यावर कळते, की हा कुंगफूचा मोठा उस्ताद आहे. पन्नाशी ओलांडल्यावर त्याला या भूमिकेसाठी हाँगकाँगचा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. या वेळी चेहराही त्याचाच होता.

घरी मुलांबरोबर पाहताना

एखादी मारामारी एकदा आवाज बंद करून पाहावी. ठोशाचा निम्मा जोर आवाजात होता हे लगेच कळते. दुसऱ्यांदा मारणाऱ्याकडे न पाहता मार खाणाऱ्याकडे पाहावे. मान कधी वळते, पाय कधी सुटतात, पाठ जमिनीला कशी टेकते. खरी कला तिथे आहे. जॅकी चॅनच्या चित्रपटांच्या शेवटी नावे येताना चुकलेले टेक दाखवतात, ते मुलांना जरूर दाखवावेत. रक्त, टाके आणि स्ट्रेचर पाहिले की नक्कल करायची हौस आपोआप कमी होते.

नातवाला मी सांगितले, "मारत नाहीत रे, पण पडतात मात्र खरंच." त्यानंतर चित्रपट संपल्यावर नावे येऊ लागली तरी तो टीव्ही बंद करू देत नाही. स्टंट करणाऱ्यांची यादी येईपर्यंत थांबतो आणि जमतील तेवढी नावे मोठ्याने वाचतो.