वर्क फ्रॉम होम: कंपनीला नेमका फायदा कुठे होतो?

कर्मचाऱ्याने कार्यालयात न येता घरून किंवा अन्य ठिकाणाहून, फोन व इंटरनेटच्या साहाय्याने काम करणे म्हणजे वर्क फ्रॉम होम. कोरोनाच्या काळात ही पद्धत सक्तीने आली. त्यानंतर अनेक कंपन्यांनी लोकांना परत बोलावले, तर काहींनी आठवड्यातील काही दिवस घरून कामाची मुभा कायम ठेवली. कर्मचाऱ्यांची सोय होते हे उघड आहे. पण कंपनीचा आणि एकत्र काम करणाऱ्या चमूचा यात फायदा होतो का? या प्रश्नावर काही चांगले प्रयोग झालेले आहेत.

कल्पना कधीची?

अमेरिकेतील जॅक निल्स यांनी १९७३ मध्ये 'टेलिकम्युटिंग' हा शब्द वापरात आणला. माणसांना रोज कामापर्यंत नेण्याऐवजी काम माणसांपर्यंत न्यावे, असा त्यामागचा विचार होता. त्याच वर्षी तेलसंकट आले आणि इंधनाची बचत हा मुद्दा ऐरणीवर आला. मात्र घराघरांत संगणक आणि वेगवान इंटरनेट पोहोचेपर्यंत ही कल्पना मोजक्या कामांपुरतीच राहिली.

शांघायमधील प्रयोग

चीनमधील सीट्रिप ही प्रवास आरक्षणाची मोठी कंपनी. शांघायमध्ये जागेचे भाडे वाढत होते आणि कॉल सेंटरमधील लोक सतत नोकरी सोडून जात होते. लोकांना घरी बसवले तर जागेचा खर्च वाचेल, पण देखरेख नसल्याने काम घटेल, अशी व्यवस्थापनाला भीती होती. म्हणून कंपनीचे सहसंस्थापक जेम्स लियांग आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी प्रयोग करून पाहायचे ठरवले.

घरून काम करण्याची इच्छा असलेल्या आणि अटी पूर्ण करणाऱ्या २४९ जणांची निवड झाली. किमान सहा महिन्यांची नोकरी, घरात कामासाठी वेगळी खोली आणि ब्रॉडबँड या त्यातल्या अटी होत्या. ज्यांची जन्मतारीख सम, त्यांनी आठवड्यातील चार दिवस घरून काम करायचे आणि पाचव्या दिवशी कार्यालयात यायचे. ज्यांची विषम, त्यांनी रोज कार्यालयात यायचे. निवड जन्मतारखेवर असल्याने दोन्ही गटांत सारख्याच प्रकारची माणसे होती आणि तुलना खरी ठरली. डिसेंबर २०१० पासून नऊ महिने हे चालले.

घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले.

ही वाढ कुठून आली?

१३ पैकी सुमारे ९ टक्के वाढ ही जास्त मिनिटे काम झाल्यामुळे होती. पाळी तेवढ्याच तासांची होती, पण मधल्या सुट्ट्या आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्या. उरलेली सुमारे ४ टक्के वाढ दर मिनिटाला जास्त कॉल घेतल्याने झाली. घरची शांतता हे त्याचे एक कारण होते.

दुसरा फायदा त्याहून मोठा ठरला. नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. एक माणूस गेला की नवा शोधायचा, त्याला शिकवायचे आणि तो तयार होईपर्यंत बाकीच्यांनी त्याचा भार उचलायचा, हा खर्च कंपनीच्या हिशेबात सहसा वेगळा दिसत नाही, पण चमूला तो जाणवतो. जागेची बचत धरून दर कर्मचाऱ्यामागे वर्षाला सुमारे २,००० डॉलर वाचतील, असा अंदाज निघाला.

प्रयोगानंतर कंपनीने सर्वांना निवड करू दिली. तेव्हा अर्ध्याहून अधिक लोकांनी आपला आधीचा निर्णय बदलला. घरी एकटेपणा येतो, ही अनेकांची तक्रार होती. मात्र ज्याला जिथे जमते तिथे तो बसू लागल्यावर घरून कामाचा फायदा १३ वरून सुमारे २२ टक्क्यांपर्यंत गेला.

दोन दिवस घरी, तीन दिवस कार्यालयात

कॉल सेंटरचे काम ज्याचे त्याचे असते आणि मोजता येते. एकत्र बसून विचार करावा लागतो अशा कामाचे काय? याच कंपनीने, म्हणजे आताच्या ट्रिप डॉट कॉमने, २०२१-२२ मध्ये १,६१२ जणांवर दुसरा प्रयोग केला. यात संगणक अभियंते, विपणन आणि वित्त विभागातील लोक होते. एका गटाला बुधवारी व शुक्रवारी घरून कामाची मुभा मिळाली. २०२४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कामाच्या मूल्यमापनात आणि बढत्यांत दोन गटांत फरक आढळला नाही, पण नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले. स्त्रिया, व्यवस्थापक नसलेले कर्मचारी आणि लांबून येणारे यांच्यात हा परिणाम अधिक होता. कल्याण-डोंबिवलीहून मुंबईला किंवा शहराच्या दुसऱ्या टोकाहून हिंजवडीला रोज जाणाऱ्यांना याचे कारण वेगळे सांगायला नको.

व्यवस्थापकांचे मतही बदलले. घरून कामाने उत्पादकता २.६ टक्क्यांनी घटेल, असा त्यांचा आधीचा सरासरी अंदाज होता. प्रयोगानंतर ती १ टक्क्याने वाढते, असे ते म्हणू लागले.

नेहमीच फायदा होतो का?

नाही. चेन्नईमध्ये डेटा एंट्रीचे काम करणाऱ्यांवर असाच प्रयोग झाला. तिथे घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता कार्यालयातल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी भरली. यातला बराचसा फरक पहिल्याच दिवसापासून होता. उरलेला, कार्यालयातले लोक काम लवकर शिकत गेल्याने पडला. ज्यांना घरून काम हवे होते, त्यांचेच काम घरी जास्त घटले. शांघायमधल्या प्रयोगात वेगळी खोली आणि कामाचा अनुभव या अटी का महत्त्वाच्या होत्या, ते यावरून कळते.

मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या २०२० मधील संपर्काचा अभ्यास झाला. सगळेच घरी गेल्यावर लोक आपापल्या गटातच अधिक बोलू लागले आणि इतर विभागांशी असलेले धागे विरळ झाले, असे त्यात आढळले. सीट्रिपमध्येही एक उणीव दिसली होती: घरून काम करणाऱ्यांना कामगिरीच्या मानाने बढती कमी मिळाली. नजरेआड असलेला माणूस बढतीच्या वेळी आठवत नाही.

भारतातील नियम

भारतात अडचण नियमांचीही होती. कॉल सेंटरसारख्या सेवांना घरून काम देण्यासाठी बँक हमी, स्थिर आयपी पत्ता अशा अटी असत. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये त्या काढून टाकल्या. जुलै २०२२ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांच्या नियमांतही घरून कामाची तरतूद झाली.

थोडक्यात

घरून काम चमूच्या फायद्याचे ठरते ते चार गोष्टी जुळल्या तर: काम मोजण्याची स्पष्ट पद्धत, घरी बसायला जागा, कामाची आधीपासून ओळख आणि कर्मचाऱ्याची स्वतःची निवड. नव्याने रुजू झालेल्यांना अनुभवी सहकाऱ्यांच्या शेजारी बसण्याची गरज जास्त असते. कार्यालयाचे दिवस सर्वांनी एकच ठरवले तर त्या दिवशी भेटीगाठी होतात. प्रत्येकाने वेगळा दिवस निवडला, तर प्रवास करूनही समोर रिकाम्या खुर्च्याच असतात.