चाकांवरचे घर आणि दंडविधान

आपले टेंभुर्णी हे रस्त्यांवर वाढलेले गाव. पुणे-सोलापूर रस्ता येथून जातो. पंढरपूरची आणि कुर्डुवाडी-बार्शीची वाटही येथेच फुटते. रात्री ढाब्यांपुढे मालमोटारींची रांग लागते आणि चालक केबिनमध्येच अंग टाकतात. २०१६ च्या पावसाळ्यात अशाच एका मोटारीची ताडपत्री कापून कोणी साखरेची सहा पोती उतरवून नेली. मालकाने त्यांची किंमत चालकाच्या पगारातून कापायला सुरुवात केली, तेव्हा तो आमच्या युनियनच्या कचेरीत आला. मी वकील नव्हे; सातवीनंतर शाळा सुटली. पण त्या निमित्ताने दंडविधान उघडून बसलो.

या कायद्याचा मसुदा मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली तयार केला. तो १८६० साली मंजूर झाला, त्याच वर्षी आगगाडी सोलापुरास पोचली. अंमल १ जानेवारी १८६२ पासून. साध्या चोरीला कलम ३७९ खाली तीन वर्षांपर्यंत कैद. चोरी राहत्या किंवा माल ठेवण्याच्या इमारतीत, तंबूत वा नौकेत झाली, तर कलम ३८० प्रमाणे सात वर्षांपर्यंत. चोरीसाठी रात्री घर फोडले, तर कलम ४५७ खाली चौदापर्यंत. तंबू आला, नौका आली. गाडी मात्र कोठेच नाही! साहेबाचा मुक्काम तंबूत आणि प्रवास बोटीने, म्हणून तेवढे त्याला आठवले, असे आपले माझे मत. बैलगाडीखाली झोपणारा गाडीवान काही मसुदा लिहायला बसला नव्हता.

रस्ता त्यांच्या ध्यानात नव्हता असेही नाही. राजरस्त्यावर रात्री जबरी चोरी केल्यास कलम ३९२ ने चौदा वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली होती. धाकदपटशा हा अधिक गंभीर गुन्हा, हे मान्य. परंतु तेच पोते गोदामात असले तर सात वर्षे आणि मोटारीवर चढले की तीन, याला काय म्हणावे?

रेल्वेने आपली सोय पाहिली. १९६६ च्या कायद्याने रेल्वेच्या ताब्यातील माल बेकायदा बाळगणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद ठरली. मालमोटारीला तसा वाली नव्हता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात उभ्या वाहनात विनापरवाना शिरणाऱ्यास शंभर रुपयांपर्यंत दंड होता; २०१९ च्या दुरुस्तीने तो हजारावर गेला.

अखेर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०५ मध्ये माल वा उतारू वाहणाऱ्या वाहनाची चोरी, तसेच त्यातील वस्तूंची चोरी, सात वर्षांच्या शिक्षेत आली. कायद्याच्या अंमलापासून मोजले तर एकशे बासष्ट वर्षे लागली. तरीही नुसते दार फोडून केबिनमध्ये शिरणे ही घरफोडी ठरत नाही; तेथे इमारत, तंबू आणि नौका हेच त्रिकूट कायम आहे.

आमच्या चालकाला यातले काहीच उपयोगी पडले नाही. उपयोगी पडला तो १९३६ चा वेतन कायदा. सोपवलेला माल कामगाराच्या हयगयीमुळेच गेला असेल तरच पगारातून कपात, आणि तीही त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावर, असे त्यात स्पष्ट होते. २०१९ च्या वेतन संहितेतही ही अट आहे. मी मालकाला एकच विचारले, “दिवसभर गाडी हाकून रात्री माणूस झोपला, ही हयगय झाली का?” तो बराच वेळ बोलला नाही. तीन महिन्यांनी कापलेले पैसे परत आले. पोती काही सापडली नाहीत.