न्यूमोनियाचे निदान आणि नमुन्याचा वाद

जालना येथे 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अशा जिल्ह्याच्या ठिकाणी कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णाचा न्यूमोनिया ओळखण्यास स्राव कोठून घ्यावा, हा प्रश्न व्यवहाराचा आहे. त्यामागील वाद मात्र जुना आहे. अशा रुग्णाच्या श्वासनलिकेत जंतू बहुधा वस्ती करतात. म्हणून नळीतून ओढलेल्या स्रावात ते आढळले, एवढ्यावरून फुप्फुसात रोग सिद्ध होत नाही. या अडचणीतून 1979 मध्ये आवरणयुक्त ब्रश पुढे आला. पुढे दुर्बिणीने फुप्फुसाचा खोल भाग धुऊन ते पाणी तपासण्याची रीत रूढ झाली.

2000 साली फ्रान्समधील 413 रुग्णांच्या अभ्यासात 14 दिवसांतील मृत्यू खोल नमुन्याच्या गटात 16.2 टक्के, तर साध्या पद्धतीच्या गटात 25.8 टक्के आढळले. 2006 मध्ये कॅनडा व अमेरिकेतील 740 रुग्णांत हा भेद उरला नाही: 28 दिवसांतील मृत्यू अनुक्रमे 18.9 व 18.4 टक्के होते. 2016 मध्ये अमेरिकी तज्ज्ञमंडळांनी साध्या नमुन्यास पसंती दिली. 2017 मध्ये युरोपीय मंडळांचा कल खोल नमुन्याकडे राहिला.

तथापि 2006 च्या अभ्यासातून स्यूडोमोनास जंतू आधीच आढळलेले रुग्ण वगळले होते, आणि भारतीय अतिदक्षता विभागांत हा जंतू नेहमीचा आहे. सबब तो निष्कर्ष मराठवाड्यास जसाच्या तसा लावता येत नाही. दुर्बीण असो वा नसो, नवे प्रतिजैविक देण्यापूर्वी नमुना घेणे व तो विनाविलंब प्रयोगशाळेत पोहोचविणे, हे दोन्ही पक्षांना मान्य होण्याजोगे आहे.